वॉचमनच्या खिशातल्या किल्ल्या

मी संशयी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाकं मुरडायला नकोत. भाजीवाला ‘ताजी आहे’ म्हणाला की मी जुडी सोडून बघते. डॉक्टरनं गोळी लिहून दिली की औषधवाल्याला विचारते, त्यानं सांगितलं की शेजारणीला विचारते, आणि मग अर्धीच घेते. कपडे धुवायच्या आधी खिसे तपासावेत म्हणतात. मी न धुवायच्या कपड्यांचेही तपासते.

आमचे हे एका सहा मजली इमारतीचे वॉचमन. कायम दिवसपाळी. त्याच इमारतीत मी चार घरची केरफरशी आणि भांडी करते. ते खाली गेटवर, मी वर मोरीत. सगळी इमारत त्यांना मामा म्हणते आणि मला मावशी, म्हणजे नात्यानं आम्ही बहीण-भाऊ झालो. पण त्यावर हसून हसून आता आम्हीही थकलो. लेक लग्न होऊन लांब गेली, घरात आम्ही दोघंच. माणूस शांत. एकच खोड, खोटं बोलता येत नाही. आपणहून काही सांगणार नाहीत, पण विचारलंत की जे खरं ते सगळं ओकून मोकळे.

तर ह्या माणसाच्या खिशात मला एक दिवस पितळेचा कीस सापडला.

आधी वाटलं, गेटचा गंज असेल. पण गंज तांबूस असतो आणि हा पिवळा, चकचकीत. मग मी बोटं बघितली. वॉचमनला दिवसभर काम काय, तर गेट ओढायचं, आलेल्या माणसाला ‘कुणाकडे जायचंय’ विचारायचं आणि खुर्चीत बसायचं. आणि ह्यांच्या बोटांना बारीक बारीक चिरा! अंगाला मशीनच्या तेलाचा वास. ड्यूटी सुटल्यावर घरी यायला रोजचा उशीर. “नेहमीची बस चुकते गं.” मला बरी मिळते, मी काय विमानानं येते? टीव्ही लावला की यांचा एक हात उशीखाली. बोटं आपली चाळवताहेत, नजर टीव्हीवर, आणि मालिकेत कोण मेलं विचारलं तर पत्ता नाही.

त्यातच आमच्या दाराचं कुलूप. कित्येक वर्षं ते कुरकुरायचं, किल्ली जरा वर उचलून फिरवावी लागायची. एका संध्याकाळी मी किल्ली घातली आणि ते गप्पकन उघडलं. न कुरकुरता! मी दारातच उभी राहिले. चांगलं झालं म्हणून आनंद व्हायचा सोडून मी ते पुन्हा लावून पुन्हा उघडून बघितलं. कुणीतरी ह्या कुलपाला हात लावलाय आणि मला सांगितलं नाहीये. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

दोन-तीन दिवसांतच पँटच्या आतल्या खिशात जुडगा मिळाला. तारेच्या कडीत ओवलेल्या किल्ल्याच किल्ल्या. चपट्या, गोल, नळीच्या, एक तर करंगळीच्या नखाएवढी. आमच्या घराला दार एक, कपाट एक. मग ह्या एवढ्या कुणाच्या? पहिल्यांदा जो विचार कुठल्याही बाईच्या मनात येईल तोच आला. पण एवढ्या किल्ल्या म्हणजे एवढ्या बायका? यांना मी एक झेपत नाही. तो विचार मी सोडून दिला. मग दुसरा आला. हा माणूस एका आख्ख्या इमारतीच्या गेटवर बसतो. कोण कधी बाहेर जातं, कोण गावाला गेलंय, कुणाचं घर बंद आहे, सगळं ह्याला ठाऊक. सरळ विचारायचा धीर झाला नाही, खरंच ‘हो’ म्हणाले असते तर?

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती तपासणी करायलाच. चमचे बघितले, शोकेसमधल्या चांदीच्या फुलदाण्या बघितल्या, कुणाचं घड्याळ जागेवर आहे का ते बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं, त्यांचं बाळ दीड-दोन वर्षांचं. बाळाची आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. “मावशी, आज काट्या-चमच्यांवर एवढं प्रेम?” मी म्हटलं, “काळे पडलेत का बघते.” सगळं जागच्या जागी होतं. त्यानं मला हायसं वाटायला हवं होतं. मला वाटलं, म्हणजे अजून सुरुवात व्हायचीय.

संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून मी यांच्या मागावर निघाले. हे बस स्टॉप सोडून सरळ पुढे, पादचारी पुलाच्या जिन्याखाली. तिथे एक पत्र्याची टपरी. समोरच्या फळीवर खिळ्याखिळ्याला किल्ल्या लटकवलेल्या. आत एक म्हातारा, एका डोळ्याला भिंग लावलेला, आणि त्याच्या समोर उलट्या खोक्यावर आमचे हे. डोळे मिटलेले, मांडीत कुलूप, दोन्ही हातांत वाकवलेल्या तारा.

मी भर रस्त्यात आवाज चढवला. “अहो! ह्या वयात दरोडे घालायचा विचार आहे की काय?”

म्हाताऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही. “हळू बोला, बाई. त्याचा हात ऐकतोय.”

तेवढ्यात कुलूप खट्‌कन उघडलं. यांनी डोळे उघडले, कुलपाकडे बघून हसले आणि मग मला बघून हसायचे थांबले.

विचारलं की सांगतात, तसं सगळं सांगितलं. इमारतीला कॅमेरे लागणार होते, गेट आपोआप उघडणारं बसणार होतं. वॉचमन पुरवणारी कंपनी माणसं कमी करणार आणि पहिला नंबर गुडघेदुखीवाल्यांचा. पन्नाशीच्या वॉचमनला दुसरीकडे कोण उभं करतं? म्हणून नोकरी जायच्या आत हातात दुसरं काहीतरी पाहिजे. “जन्मभर सलाम ठोकून लोकांची दारं उघडली,” हे म्हणाले, “आता तीच मजुरी घेऊन उघडीन.”

“मग सोडा की आत्ताच ते गेट.”

“अजून हात बसायचाय. उस्ताद म्हणतात, वर्ष तरी लागेल. तोवर पगार नको का?”

“आणि मला का नाही सांगितलंत?”

यांनी त्या म्हाताऱ्याकडे, म्हणजे उस्तादांकडे बघितलं. उस्ताद कानशीकडे बघायला लागले.

“तू विचारत बसली असतीस,” हे म्हणाले.

खोटं नव्हतं. ह्याआधी यांनी पाणी गाळायची यंत्रं विकायचा धंदा काढला होता. मी विचारत होतेच, कोण घेणार, कोण घेणार. ती यंत्रं अजून आमच्या पलंगाखाली आहेत. एकात मी कांदे ठेवते.

उस्तादांनी मला खोक्यावर बसवलं, चहा मागवला आणि समजावलं. “बाई, हात मी शिकवीन. पण ह्या धंद्यात निम्मं काम हाताचं, निम्मं नावाचं. माणूस आपल्या घराची कडी परक्याच्या हवाली करतो. एकदा का कुणी म्हणालं की ह्याचा भरवसा नाही, की मग हात सोन्याचा असला तरी कुणी दारात उभं करत नाही. म्हणून सांगतो, नोकरी आहे तोवर इमारतीत ह्याचा वास लागू देऊ नका. आपल्या वॉचमनला कुलपं उघडता येतात, हे ऐकून कुणाला झोप लागेल?”

माझं तोंड आणि बंद! पण ठेवलं. माझा जीव तोंडात अडकल्यासारखा व्हायचा, चार घरं फिरायचे, बायका कायकाय विचारायच्या, तरी शब्द काढला नाही. घरी मी त्यांची परीक्षक झाले. जुन्या बाजारातून कुलपं आणायची आणि यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा. टॉवेल मी बांधायचे, त्यांना बांधू द्यायचे नाही, फटीतून बघितलं तर? कुलूप उघडलं की मी ते उलटंपालटं करून बघायचे, आधीच उघडं नव्हतं ना म्हणून. हे म्हणायचे, “अगं, तूच लावलंस ना ते!” लावलं होतं मीच. तरी बघायचे.

खरं सांगते, ते दिवस चांगले होते. हा माणूस गेटवरून यायचा तो नुसता मेलेला असायचा, पण तारा हातात घेतल्या की गालांवर रंग यायचा. कुलपाशी बोलायचे. “ये गं, ये, लाजू नको.” माझ्याशी इतक्या लाडानं कधी बोलले नाहीत. मी त्या कुलपावरही डोळा ठेवला.

मग ती सकाळ आली.

मी तिसऱ्या मजल्यावर फरशी पुसत होते. खालून किंचाळी आली. बादली तिथेच टाकून धावले. बाळाची आई कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर आली होती, वाऱ्यानं दार आपटलं आणि लॅच लागलं. किल्ली आत. बाळ आत. आणि गॅसवर तेलाची कढई. ती दारावर डोकं आपटत होती. आतून बाळाचं रडणं, आणि दाराच्या फटीतून करपल्याचा वास. तिचा नवरा ऑफिसात. कुणी म्हणालं दार फोडा, कुणी म्हणालं अग्निशामकला फोन लावा. कुंड्यांवरून सगळ्यांशी भांडणारी पहिल्या मजल्यावरची बाई, तिला आम्ही कुंडीवाली म्हणतो, ती फोन कानाला लावून “हॅलो, हॅलो” करत होती.

तेवढ्यात हे जिना चढून वर आले. गुडघे दुखतात त्या माणसाचे, पण दोन-दोन पायऱ्या. कुणाला काही विचारलं नाही. वाकले, खिशातून तारा काढल्या, डोळे मिटले. कुंडीवालीचा फोन लागला, ती “हॅलो, इथे आग...” एवढं म्हणतेय तोवर दार उघडलं.

बाळाची आई आत झेपावली, मी गॅस बंद केला, कुणी खिडक्या उघडल्या. भिंत काळी झाली होती, बाकी काही नाही. बाळ पलंगाला धरून उभं, नाक वाहतंय, एवढंच. आईनं बाळाला छातीशी धरलं आणि तशीच यांच्या पायाशी बसली. “मामा, तुम्ही देव आहात!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंडीवालीनं यांचा फोटो काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उघड सांगते, मला त्या दिवशी यांचा इतका अभिमान वाटला की मी जिन्यातच त्यांचा हात धरला. लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघं मिरवतच टपरीवर गेलो. उस्तादांनी सगळं ऐकलं. भिंग काढून ठेवलं.

“किती वेळ लावलास?”

“वेळ कुठे, उस्ताद? गेलो आणि उघडलं.”

उस्तादांनी कपाळावर हात मारला. “गाढवा! मी तुला काय शिकवलं? दार मिनिटात उघडणारं असलं तरी अर्धा तास बसायचं. घाम पुसायचा. पिशवीतलं सगळं सामान काढून मांडायचं. दोनदा म्हणायचं, अवघड आहे बुवा. मग उघडायचं. का?”

“मजुरी पटावी म्हणून,” मी म्हटलं.

“ते वरवरचं, बाई. माणसाला रात्री आपल्या घरात झोपायचं असतं. आपलं कुलूप भक्कम आहे असं त्याला वाटलं पाहिजे. तुमच्या नवऱ्यानं आज सगळ्या इमारतीला दाखवून दिलं की त्यांच्या दाराला दार म्हणायचं ते नावाला.”

“आत पोर होतं, उस्ताद,” हे म्हणाले. “गॅस चालू होता.”

उस्तादांनी भिंग पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, “बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं. पण आता बघ.”

मला राग आला म्हाताऱ्याचा. लोक डोक्यावर घेऊन नाचताहेत आणि ह्याला अपशकुनी बोलणं सुचतंय. चिडला असेल, शिष्य पुढे गेला म्हणून. असं मी घरी जाताना बोललेही.

दुसऱ्या दिवशी कुंडीवालीकडे भांडी घासत होते. ती नळापाशी येऊन उभी. “मावशी, मामा फार हुशार हो. कुठे शिकले?” मी म्हटलं, “असंच.” ती म्हणाली, “असंच कसं शिकतं कुणी?” प्रश्न माझ्यासारखाच होता, म्हणून मला लगेच कळला. पुढच्या घरी बाईसाहेबांनी कधी नव्हे ते मला विचारलं की तुम्ही दोघं घरी एकत्रच जाता का. चौथ्या घरी मी झोपायच्या खोलीत केर काढायला शिरले, तर माझ्या आधी तिथल्या बाई शिरल्या आणि कपाटाची किल्ली काढून कमरेला लावली. माझ्याकडे बघून गोड हसल्या. मीही हसले. आतून नुसता भडका.

मग हरवलेल्या वस्तू वर यायला लागल्या. कुणाची छत्री, कुणाची कानातली कुडी, कुणाचा परदेशी पेन. वर्षानुवर्षांपूर्वी हरवलेलं सगळं लोकांना एकदम आठवायला लागलं. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले आजोबा, कमिटीचे अध्यक्ष, त्यांचा चष्मा म्हणे कोणे एके काळी घरातून गेला होता. चष्मा! आमच्या ह्यांचा नंबर वेगळा, ते काय करतील त्या चष्म्याचं? आठवडा झाला नाही तोवर दारोदार नवी कुलपं चढली. ठोकाठोकी ऐकत हे खाली खुर्चीत बसून. गाड्या आत घेताना लोक काच खाली करून “काय मामा” म्हणायचे, ते बंद झालं. काच वरच.

संशय कसा घ्यायचा हे मला कुणी शिकवायला नको. पण मी घेते तो तोंडावर घेते. जुडी सोडते ती भाजीवाल्याच्या देखत. ह्या लोकांचं हसून हसून चाललं होतं, आणि त्याला उत्तर कसं द्यायचं हे मला कळेना.

मला सगळ्यात लागलं ते बाळाच्या आईचं. तिच्या दारावर दोन कुलपं आली, वर आतून साखळी. मी बेल वाजवली की आधी फटीतून एक डोळा. मी सरळ विचारलं, “काय गं, तूसुद्धा?” ती रडायलाच लागली. “मावशी, मामांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण मी दुपारी एकटी असते हो. झोपच लागत नाही.” काय बोलणार? तिला खरंच झोप लागत नव्हती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी त्या घरचं काम सोडलं.

रविवारी कमिटीनं खाली गाड्यांच्या जागेत खुर्च्या मांडल्या आणि यांना बोलावलं. मी खांबाला टेकून उभी राहिले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. अध्यक्ष आजोबा दर वाक्याच्या शेवटी ‘मी फक्त विचारतोय’ म्हणतात. तसंच सुरू केलं.

“मामा, तुम्ही ते दार उघडलंत त्याबद्दल सगळे आभारी आहेत. पण हे शिकलात कशाला? मी फक्त विचारतोय.”

“नोकरी जाणार म्हणून, साहेब. कॅमेरे येताहेत ना.”

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. कॅमेऱ्यांचं यांना कळलंय हे त्यांना माहीत नव्हतं. मी डोळ्यांनी खुणावत होते, गप्प बसा, कमी बोला. पण ह्या माणसानं जन्मात कधी माझ्या डोळ्यांकडे योग्य वेळी बघितलंय?

“बरं. मग आता आमच्या इमारतीतली सगळी कुलपं तुम्हाला उघडता येतात का? मी फक्त विचारतोय.”

मी मनात घोकायला लागले. नाही म्हणा, अहो, नुसतं नाही म्हणा.

“नाही साहेब,” हे म्हणाले.

मी श्वास सोडला. सगळ्यांनीच सोडला. तेवढ्यात हे पुढे म्हणाले, “तिसऱ्या मजल्यावरचं डाव्या हाताचं नाही यायचं मला. भारी कुलूप आहे ते. बाकीची येतील.”

तिसऱ्या मजल्यावरचे साहेब पांढरे पडले. “तुम्हाला कसं कळलं माझं कुलूप?”

“जाता-येता दिसतं ना, साहेब. चांगलं घेतलंत तुम्ही,” हे म्हणाले. बिचाऱ्याला वाटलं, आपण कौतुक करतोय.

पुढे फार बोलणं झालंच नाही. कुणी चोर म्हणालं नाही. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी ओरडून घेतलं असतं. अध्यक्ष म्हणाले, कंपनीला सांगून तुमची बदली मागतो, तुमच्याबद्दल मनात काही नाही. बाळाची आई खाली मान घालून बाळाच्या बुटाची नाडी बांधत होती, ती बांधलेलीच होती. कंपनीनं महिना संपताच दुसरी जागा नाही म्हणून सांगितलं आणि शिट्टी, टोपी परत घेतली. माझीही उरलेली घरं एकेक करून ‘आता मशीन घेतलंय’ म्हणायला लागली. सगळ्यांनी एकाच महिन्यात मशीन घेतली, बघा.

आता एकच दार उरलं होतं. आम्ही दोघं टपरीवर गेलो.

उस्ताद आमची वाटच बघत असल्यासारखे बसले होते, पण खोका पुढे सरकवला नाही. “तुमच्या इमारतीची माणसं नव्या कुलपांच्या जादा किल्ल्या करायला माझ्याकडेच आली होती,” ते म्हणाले. “किल्ली कापून होईपर्यंत सगळ्यांनी विचारलं, तो वॉचमन तुमच्याकडे शिकतो का? मी म्हणालो, असे बरेच येतात. माझं नाव तीस वर्षांचं आहे. तू इथे बसलास तर ह्या भागात लोक माझ्याकडे यायचे बंद होतील. हात बसलाय तुझा. पण मी कसा ठेवू?”

हे उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. दुसरं काही हाताशी नव्हतं आमच्या, ना गेट, ना भांडी.

“ठेवायला काय लागतं?” मी विचारलं.

“जामीन,” उस्ताद म्हणाले. “आमच्यात पद्धत आहे. नवा माणूस बसवायचा तर त्याला चांगलं ओळखणारा कुणी पुढे येऊन सांगतो की हा हात लावील त्या घरातलं काही जाणार नाही. मला कुणी विचारलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवू शकतो. आहे कुणी?”

“मी.”

“तुम्ही बायको, बाई. बायको चांगलंच सांगणार.”

माझं डोकं फिरलं. “मी? चांगलंच सांगणार? अहो, लग्न झाल्यापासून मी ह्या माणसावर एक दिवस विश्वास ठेवला नाही! रोज खिसे तपासले. कुठे जातो म्हणून मागे गेले. उशी उलटी केली, बूट उलटे केले. डब्यात काय नेतो नि काय परत आणतो ते बघितलं. कुणाशी हसून बोलला की त्या माणसाची चौकशी केली. त्या आख्ख्या इमारतीनं महिनाभर घेतला असेल तेवढा संशय मी दर आठवड्याला घेतलाय. आणि हाती काय लागलं? पितळेचा कीस! आयुष्यभर शोधून मला ह्या माणसात खोट सापडली नाही. माझ्याइतकी झडती घेतलेला दुसरा जामीन असेल तर आणा समोर!”

रस्त्यावरची माणसं थांबली होती. उस्ताद आधी हसले, खोकला येईस्तोवर हसले. मग डोळे पुसले आणि पायानं खोका पुढे ढकलला. “बस रे,” यांना म्हणाले. “आणि बाई, दारावर जाताना तुम्हीही बरोबर जायचं. तुम्ही घरमालकाशेजारी उभं राहायचं नि ह्याच्या हाताकडे बघायचं. तुम्ही बघताय म्हटल्यावर लोकांना वेगळं बघावं लागणार नाही.”

मला इतका आनंद झाला की त्या म्हाताऱ्याच्या पाया पडायचंच तेवढं राहिलं होतं. यांच्याकडे बघितलं. हे खोक्यावर बसले नव्हते. माझ्याकडे बघत होते, चोरी झालेल्या घराकडे माणूस बघतो तसे.

घरी जाताना पूल चढून झाल्यावर यांनी विचारलं, “रोज?”

“रोज,” मी म्हटलं. आता खोटं कशाला बोलू?

“आणि काही सापडलं असतं तर?”

“तर गेले असते सोडून.”

ते थोडं चालले. “मला वाटायचं,” ते म्हणाले, “तू मला ओळखतेस म्हणून राहिलीस.”

मला काही सुचेना. मी, जिला प्रत्येक गोष्टीवर बोलायला लागतं! ओळखते हो, म्हणायचं होतं. पण ओळखते तर मग शोधत काय होते, हे त्यांनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीवर एक बाई धावत आली. दार लागलंय, किल्ली आत राहिली. उस्तादांनी यांच्याकडे हात केला. हे उठले, पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. मी मागोमाग. भरला रस्ता, गर्दी, दोन सिग्नल, एक बोळ. ते पुढे, मी मागे. मी येतेय की नाही, हे त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही. मी येणारच ह्याची खात्री होती, की राग होता, की आता काही फरकच पडत नव्हता, कोण जाणे. मी त्यांच्या पाठीकडे बघत चालत राहिले आणि मला काही कळलं नाही.